शनिवारपर्यंत दार वाजवू नका

त्या पत्राची आठवण कार्पो सरांना झाली ती शुक्रवारी सकाळी, बाजारातल्या लाकडी बाकावर, केळीच्या पानात गुंडाळलेला बुडबुड सोलत असताना. पत्र मंगळवारचं होतं, इनमिन चार ओळींचं. सरांनी ते वाचलं होतं, बाजूला ठेवलं होतं आणि उत्तर दिलं नव्हतं. देण्याचा प्रश्नच नव्हता. पण चिकट भाताचा पहिला घास तोंडात असताना त्यातली शेवटची ओळ एकाएकी डोळ्यांपुढे आली आणि घास काही केल्या खाली उतरेना.

'एक ओळ पाठव, म्हणजे मला झोप लागेल.'

सरांनी गरम चॉकलेटचा घोट घेतला, घास ढकलला आणि उरलेला बुडबुड पानात तसाच गुंडाळून खिशात घातला.

पोलिकार्पो कादेलिन्या यांना फिलिपिन्समधलं सगळं दुमागेते शहर नाही तरी त्यांची गल्ली 'सर' म्हणून ओळखत होती. एका शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी चौतीस वर्षं काढली. तिथे बोलायचं कमी आणि वाचायचं जास्त, म्हणून त्यांचा निभाव लागला. निवृत्त झाले, वर्षभरात बायको गेली, आणि घर खायला उठलं. तेव्हा मुलीने, जोनालिनने, त्यांना हे काम लावून दिलं. ती स्वतः व्हर्च्युअल असिस्टंट होती. गल्लीत दर तिसऱ्या घरात असं कुणी ना कुणी होतंच: कानाला हेडफोन, पुढ्यात लॅपटॉप आणि मालक समुद्रापलीकडे. कुणी अमेरिकेतल्या वकिलाचं टपाल बघायचं, कुणी लंडनच्या केकवालीच्या ऑर्डरी. जोनालिन ब्रिस्बेनच्या एका दातांच्या डॉक्टरचे फोन घ्यायची. सरांच्या वाट्याला आली टास्मानियातली बियाणेवाली.

मेरिन ओल्डेकर तिचं नाव. सर तिला मॅडम म्हणत. मॅडम साठीच्या पुढच्या, एकट्या, टॅलोब्रुक नावाच्या वस्तीच्या वर डोंगरावर राहणाऱ्या. सोबतीला एक कुत्रा. जुन्या वाणांचे घेवडे, वाटाणे, टोमॅटो त्या स्वतः पिकवत, बी धरत, पाकिटं भरत आणि पोस्टाने देशभर पाठवत. मातीत हात घालायला त्यांना कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो पत्रांचा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "माझ्या नावाने लिहायचं आणि माझ्यासारखं लिहायचं. लोक बियाणं माझ्याकडून घेतात, कुठल्या कंपनीकडून नाही. तुमचं नाव कुठे दिसता कामा नये. आणि घरच्यांच्या पत्रांना हात लावायचा नाही. ती माझी मी बघेन."

सुरुवातीला एकेका उत्तराला सरांना तास लागायचा. सात वेळा लिहायचे, सात वेळा खोडायचे. आपल्याला हे जमणार नाही, बाई आपल्याला काढून टाकणार, हे धरूनच रोज सकाळी बसायचे. पण दोन-चार महिन्यांत एक नवल घडलं. जन्मभर चारचौघांत ज्यांचं तोंड उघडलं नाही ते सर दुसऱ्याच्या नावाआड बसून घडाघडा बोलू लागले. त्यांनी गोठलेलं दव कधी पाहिलं नव्हतं. पण 'आज पहाटे घेवड्यावर दव गोठलं होतं, बोटं बधिर झाली' असं ते बिनदिक्कत लिहीत, आणि वाचणाऱ्यांची बोटंही बधिर होत. दर बुधवारी नऊशे गिऱ्हाइकांना एक लांब पत्र जायचं. पहिली काही मॅडमनी तपासली, मग म्हणाल्या, "कार्पो, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त मेरिन आहात. मला दाखवत बसू नका." हे वाक्य सरांनी कुणाला सांगितलं नाही, पण झोपताना ते रोज एकदा आठवत.

गेल्या शनिवारी मॅडमचा आवाजी निरोप आला होता. "उद्यापासून दोन-तीन दिवस वरच्या शेतात घेवडा काढतेय. तिथे रेंज नसते. तेवढं तुम्ही सांभाळा."

सरांनी सांभाळलं. ऑर्डरी आल्या, त्यांच्या याद्या केल्या, रोजची यादी रोज पाठवली. सोमवारी पर्थहून वाटाण्याची एक ऑर्डर आली, तिला छानसं उत्तर दिलं. मंगळवारी त्याच बाईचं पत्र आलं, पण ते मॅडमच्या नावाने होतं.

'मेरिन, रविवारी तू फोन उचलला नाहीस. सोमवारीही नाही. इतक्या वर्षांत आपला रविवार चुकलेला नाही. वाटाण्याचं उत्तर मात्र कालच आलं, म्हणजे तू आहेस आणि कामात आहेस. एक ओळ पाठव, म्हणजे मला झोप लागेल. – ग्वेंडा'

ही मॅडमची बहीण; त्या तिचा उल्लेख 'ग्वेन' असा करत. म्हणजे घरचं पत्र. सरांनी ते 'घरचं' असं नाव दिलेल्या कप्प्यात सरकवलं आणि चोरून काही वाचल्यासारखे कावरेबावरे होऊन पुढच्या कामाला लागले.

आणि बुधवारी त्यांनी ठरल्याप्रमाणे ते लांब पत्र लिहिलं. फार सुरेख उतरलं होतं ते. बाजारातून घरी येताना, पेडिकॅबमध्ये गुडघे जवळ घेऊन बसलेल्या सरांना त्याचा शेवट शब्दन् शब्द आठवत होता: 'शेंगा वाळल्यात, हातात घेतल्या की खुळखुळ्यासारख्या वाजतात. शनिवारपर्यंत मी वरच्या शेतात आहे. तोवर माझं दार वाजवू नका. वाजवलंत तरी उघडणार नाही. राग मानू नका, पाहुणचार नंतर करीन.'

दोन-तीन दिवस, असं मॅडम म्हणाल्या होत्या. 'दोन-तीन दिवस' लिहून वाक्याचा तोल जात होता, म्हणून सरांनी 'शनिवारपर्यंत' घातलं होतं.

आज शुक्रवार होता.

घरी आल्यावर त्यांनी पंखा लावला, चष्मा पुसला, लॅपटॉप उघडला. मॅडमचा निरोप नव्हता. पाच दिवसांत पाठवलेल्या पाच याद्या एकाखाली एक उभ्या होत्या आणि त्यांतली एकही वाचली गेलेली नव्हती. दुकानाच्या पेटीत सात नवी पत्रं होती. वरचंच पत्र बेव्ह हॅनाफिनचं, टॅलोब्रुकमधल्या जॅम करणाऱ्या बाईचं. ती मॅडमकडून दरसाल टोमॅटोचं बी न्यायची. सर तिची पत्रं आवडीने वाचत.

'मेरिन, काल संध्याकाळी बरण्या द्यायला आले होते. तुझ्या फाटकाच्या पेटीत टपाल मावेनासं झालंय, खाली सांडलंय. तुझा कुत्रा बियाण्याच्या कोठारापाशी बसून भुंकत होता. घसा पार बसलाय बिचाऱ्याचा. आत येऊन दार वाजवणार होते, मग तुझं पत्र आठवलं आणि हसू आलं. म्हटलं, बाई उघडणार नाही म्हणालीय ना! बरण्या फाटकाशी ठेवल्यात. शनिवारनंतर येते.'

सरांनी ते दोनदा वाचलं. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं, पण त्यांचे पाय गार पडले.

तो कुत्रा मॅडमची पाठ सोडत नसे. त्याच्यावर सरांनीच बुधवारची दोन पत्रं लिहिली होती. मॅडम वरच्या शेतात असतील तर कुत्रा कोठारापाशी काय करत होता?

त्यांनी मॅडमना निरोप पाठवला. 'मॅडम, सगळं ठीक आहे ना?' एक करडी खूण उमटली, दुसरी उमटली नाही. मग दोन वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं: संगणकावरून त्यांचा नंबर लावला. वाजलाच नाही. फोन बंद आहे, असं एक बाई शांतपणे सांगत राहिली. सरांनी पुन्हा लावला. ती पुन्हा तितक्याच शांतपणे म्हणाली.

प्लायवूडच्या आडभिंतीपलीकडून जोनालिनचा कामावरचा गोड आवाज येत होता. फोन संपला तशी ती पाण्याची बाटली भरायला बाहेर आली.

"अगं बाई! ताताय, तोंड का असं पांढरंफटक? रात्रीचा मासा बाधला का?"

"इंदाय, मॅडमचा पाच दिवस पत्ता नाही."

"शेतात आहेत म्हणाला होतात ना?"

"दोन-तीन दिवस म्हणाल्या होत्या."

"मालकांचे दोन-तीन दिवस म्हणजे आपले सात-आठ." तिने बाटली नळाखाली धरली. "माझा डॉक्टर गेल्या वर्षी आठवडाभर गायब होता. मी तर मेणबत्ती लावायला निघाले होते. निघाला कुठे? बालीत, नव्या बायकोबरोबर! आणि परत आल्यावर माझ्यावरच डाफरला. म्हणे, जुन्या बायकोला फोन करून चौकशी करायची तुला कुणी सांगितली? नोकरी जाता जाता वाचली माझी."

"त्यांचा कुत्रा कोठारापाशी भुंकतोय."

"कुत्रा कुठेही बसतो, ताताय. आपला रोज चर्चच्या पायरीवर बसतो. म्हणून काय तो पाद्री झाला?"

सर हसले नाहीत. जोनालिनने बाटलीचं झाकण लावलं आणि आवाज जरा खाली आणला. "हे बघा. करारात काय आहे? तुमचं नाव बाहेर आलं की काम संपलं. तुम्ही तिकडे आरडाओरडा करणार, बाई घेवड्याची पोती घेऊन ठणठणीत खाली येणार, आणि सगळ्या टॅलोब्रुकला कळणार की त्यांची मेरिन म्हणजे दुमागेतेचे एक आजोबा. कशी तोंड दाखवेल ती? आणि सुक्या माशाची गोष्ट विसरलात का?"

सुक्या माशाची गोष्ट कोण विसरणार! शाळेत असताना एकदा ग्रंथालयात धुराचा वास आला म्हणून सरांनी आगीची घंटा वाजवली होती. नऊशे मुलं मैदानात उभी राहिली, बंब आला, आणि आग निघाली कॅन्टीनच्या तव्यावर तळत असलेल्या बुलादची. त्या सुक्या माशाने सरांची उरलेली सगळी वर्षं खाल्ली. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा मुख्याध्यापकांनी तोच किस्सा सांगितला आणि सर सगळ्यांबरोबर हसले. तेव्हापासून आपल्याला वाटणारी भीती खरी असू शकते यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. भीती वाटली की ते आधी स्वतःलाच विचारत: बुलाद तर नाही?

जोनालिन आत गेली. सर पुन्हा खुर्चीत बसले आणि 'घरचं' हा कप्पा उघडला. ग्वेंडाचं पत्र तिथे एकटंच होतं. एक ओळ तर मागतेय बाई. तिला एक ओळ मिळाली तर तिचा जीव खाली पडेल, तोवर मॅडम येतील, आणि कुणाच्या काही लक्षातही येणार नाही. सरांनी बोटं ठेवली. विचार करावा लागला नाही. दोन वर्षांची सवय होती.

'ग्वेन, मी ठीक आहे. घेवड्यात बुडालेय. रविवारी नक्की बोलू.'

अगदी मॅडमसारखं. तो तुटक सूर, ते लाडकं 'ग्वेन'. सरांचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. पडद्यावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, मी ठीक आहे.

कोण ठीक आहे?

डोंगरावरच्या त्या घरात काय झालंय ते जगात कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं कारण ते स्वतः रोज सकाळी सातला बसून सगळं ठीक असल्याचं लिहीत होते. बहीण सोमवारीच घाबरली असती. तिला वाटाण्याचं उत्तर गेलं. बेव्ह कालच आत गेली असती; तिला बुधवारचं पत्र आठवलं. मॅडम कुठेतरी पडलेल्या असतील, तर त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाला सरांनी गोड बोलून वाटेतूनच परत धाडलं होतं.

ती तीन वाक्यं त्यांनी एकेक अक्षर करत पुसली. मग उठून आडभिंतीपलीकडे गेले. कामाच्या वेळात ते तिथे कधी जात नसत. जोनालिनने हेडफोन एका कानावरून सरकवला. सरांनी बोलण्याच्या भानगडीत न पडता लॅपटॉपच तिच्यापुढे धरला: आधी बेव्हचं पत्र, मग बुधवारचं.

तिने वाचलं. मग बोट ठेवलं. "हे 'शनिवारपर्यंत' मॅडम म्हणाल्या होत्या?"

"नाही."

"आणि दार वाजवू नका?"

"तेही मीच. वाक्य बरं वाटलं म्हणून."

जोनालिनला यावर विनोद सुचला नाही. तिला विनोद सुचला नाही याचीच सरांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

तिने टॅलोब्रुकच्या जवळचं पोलीस ठाणं शोधलं. आकडे कागदावर उतरवत होती तोच पंखा घरघरत थांबला, दिवा गेला, आणि गल्लीभर एकदमच 'हाऽऽय' झालं. वीज गेली. वीज गेली की वायफाय गेलं.

"माझ्या फोनच्या नेटवर मला पुढचा कॉल घ्यावाच लागेल, डॉक्टरचा पेशंट वाट बघतोय," ती कागद त्यांच्या हातात कोंबत म्हणाली. "तुम्ही नांग पासिंगच्या दुकानातून मोबाइलवर लोड भरून घ्या आणि त्यावरून फोन करा."

"तूच कर ना, इंदाय. तुला बोलता येतं."

"मी काय सांगू, ताताय? त्यांनी विचारलं की कुणी लिहिलं, कधी लिहिलं, तर माझ्याकडे उत्तर आहे का? तुम्हालाच बोलावं लागेल." ती त्यांचा हात दाबून म्हणाली, "जा. पळा."

नांग पासिंगचं दुकान कोपऱ्यावर, खिडकीएवढं. वीज गेल्यामुळे निम्मी गल्ली पंख्यासारखे पुठ्ठ्याचे तुकडे हलवत तिथेच जमली होती.

"सर! आज कामाला सुट्टी? या, बसा."

"लोड पाहिजे, नांग. परदेशात फोन करायचाय."

"ओहो! ऐकलंत का गं, सरांचं परदेशात जमलंय कुणाशी तरी!" बाकावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. "बाई कशी आहे, सर? गोरी आहे का?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "मी त्यांना कधी पाहिलेलं नाही." त्यांचा आवाज असा फुटला की हसणं तिथल्या तिथे विरलं. नांग पासिंगने लोड भरला आणि स्वतःचं स्टूल दुकानामागच्या सावलीत नेऊन ठेवलं.

फोन लागला. पलीकडे ड्यूटीवरचा हवालदार होता, घोगऱ्या, निवांत आवाजाचा. सरांनी मॅडमचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, पाच दिवस सांगितले.

"मेरिन ओल्डेकर? बियाणेवाली? ओळखतो की. तुम्ही कोण तिचे?"

"मी... मी त्यांच्याकडे काम करतो."

"शेतावर?"

"नाही. दुरून."

"दुरून म्हणजे? कुठून बोलताय?"

"दुमागेतेहून. फिलिपिन्स."

"तिला शेवटचं कधी पाहिलंत?"

"मी त्यांना पाहिलेलं नाही, साहेब. कधीच नाही."

"आजोबा," हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "असे फोन आम्हाला रोज येतात, कुठून कुठून. वाईट वाटून घेऊ नका. पण काळजीचं कारण नाही. माझी बायको तिच्याकडून बी घेते. परवा बुधवारीच तिचं पत्र आलंय, बायकोने जेवताना मला वाचून दाखवलं. शनिवारपर्यंत वरच्या शेतात आहे ती. दार वाजवू नका म्हणून बजावलंय सगळ्यांना."

सरांनी डोळे मिटले. दुकानाच्या पुढच्या बाजूला कुणाचा तरी कोंबडा पहाट झाल्यासारखा ओरडला. फोन ठेवून द्यावा, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. ठेवला असता तर कुणी त्यांना काही विचारायला आलं नसतं.

"ते पत्र मी लिहिलंय," सर म्हणाले.

"काय म्हणालात?"

"बुधवारचं पत्र. मी लिहिलंय. दोन वर्षं सगळी मीच लिहितो. त्या मला शनिवारनंतर एक शब्द बोललेल्या नाहीत. 'शनिवारपर्यंत' हे मी मनाने घातलं. शेतात आहेत हेसुद्धा मला माहीत नाही. मला काहीच माहीत नाही, साहेब. तिथलं कुणालाच माहीत नाही. कुत्रा कोठारापाशी आहे. काल बेव्ह हॅनाफिनने पाहिला. घसा बसलाय त्याचा. तुम्ही जाऊन दार वाजवा. काही झालेलं नसेल तर मला तुरुंगात टाका, पण वाजवा."

इतकं सलग सर आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "तुमचा नंबर दिसतोय मला," हवालदार म्हणाला, आणि आता आवाजातला निवांतपणा गेला होता. "फोन मोकळा ठेवा."

सर स्टुलावर बसून राहिले. वीज आली नव्हती. घरात जायचं तर रस्ता ओलांडावा लागला असता, आणि तेवढ्यात फोन वाजला तर? नांग पासिंगने थंड पाण्याची पिशवी आणून दिली, ती हातात धरून धरून गरम झाली. वर जायला किती वेळ लागतो ते सरांना ठाऊक होतं. टॅलोब्रुकहून वीस मिनिटं, शेवटचं वळण निसरडं, जपून या. असं त्यांनी किती गिऱ्हाइकांना लिहिलं होतं. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. कदाचित मॅडम फाटकात उभ्या असतील, मातीने भरलेल्या हातांनी, आणि हवालदार टोपी काढून सांगत असेल की एका म्हाताऱ्याचा फोन आला होता. तसंच असू दे, सर म्हणत होते. बुलाद असू दे. सगळ्या जगाला हसू दे.

पंचावन्नाव्या मिनिटाला फोन वाजला.

"सापडली," हवालदार धापा टाकत होता. मागे कुत्र्याचा आवाज येत होता. भुंकणं म्हणवत नव्हतं त्याला. "कोठारात. शिडीवरून पडलीय, वरून बरण्यांची अख्खी फळी अंगावर. कंबर मोडलीय बहुतेक. रविवारपासून तशीच."

"जि..." सरांना पुढचा शब्द उच्चारवेना.

"श्वास आहे. टोमॅटोचं बी धुवायची बादली हाताशी होती, तिच्यातलं पाणी पिऊन राहिलीय. पण रात्री इथे गारठा किती! अंग बर्फासारखं आहे. हेलिकॉप्टर निघालंय. काल कुणीतरी फाटकापर्यंत आलं, ते तिला ऐकू आलं होतं. हाक मारायला घशातून आवाज निघेना, एवढं पुटपुटली आणि ग्लानीत गेली."

सरांनी पाण्याची पिशवी खाली ठेवली.

"ऐका. तिचं जवळचं कोण आहे? तिचा फोन फुटलाय आणि ती आता बोलायच्या स्थितीत नाही."

"बहीण आहे. पर्थला. ग्वेंडा."

"नंबर?"

"नंबर नाही. पत्र आहे. तिचं पत्र आलंय."

"मग तिला आत्ता लिहा. माझा नंबर द्या आणि मिळेल त्या विमानाने निघ म्हणावं. आजची रात्र कशी जाते त्यावर आहे, असं म्हणतायत. आपलं माणूस जवळ हवं. तुम्हीच लिहा, तुम्हाला लिहिता येतं."

शेवटचं वाक्य त्याने टोमणा म्हणून म्हटलं की नाही, ते सरांना कळलं नाही.

ते घरी आले तेव्हा जोनालिन दारातच उभी होती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आपला फोन नेटसाठी त्यांच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. तिचा पुढचा कॉल वाजत होता. तो तिने वाजू दिला.

"बॅटरी किती आहे?"

"नऊ टक्के," सर म्हणाले.

त्यांनी ग्वेंडाचं पत्र उघडलं आणि त्याखाली रिकामी जागा आली. नेहमीची सात वेळा लिहून सात वेळा खोडायची सोय आज नव्हती. दुकानाच्या नावाने लिहिता आलं असतं: 'कळवण्यास खेद होतो की'. कुणी लिहिलं हे तिला आज कळलं नसतं. पण बहीण उत्तराची वाट बघणार आणि पुन्हा नावाआडून दुसराच कुणीतरी बोलणार, हे त्यांच्याच्याने होईना. आणि खरं काय ते कळलं नाही, तर ती विश्वास का ठेवील? सोमवारी याच दुकानाच्या उत्तराने तिला मॅडम कामात असल्याची खात्री दिली होती.

'ग्वेंडाबाई,

मी मेरिन नाही. माझं नाव पोलिकार्पो कादेलिन्या. मी फिलिपिन्समध्ये राहतो. दोन वर्षं दुकानाची पत्रं त्यांच्या नावाने मी लिहितो. सोमवारी वाटाण्याचं उत्तर मीच दिलं होतं.

तुमची बहीण रविवारी कोठारात पडली. आज सापडली. जिवंत आहे, पण प्रकृती फार वाईट आहे. खाली पोलिसांचा नंबर देतो. आधी त्यांना फोन करा आणि लगेच निघा. रात्रीच्या आत पोचायचा प्रयत्न करा.

तुमचं पत्र मी मंगळवारी वाचलं होतं. घरचं पत्र म्हणून बाजूला ठेवलं. ते तेव्हाच कुणाला दाखवलं असतं तर त्या तीन दिवस आधी सापडल्या असत्या. काल माणूस फाटकातून परत गेलं तेही माझ्या पत्रामुळे. हे तुम्ही माझ्याकडूनच ऐकावं असं वाटलं.

पो. कादेलिन्या'

सरांनी नंबर घातला, कागदाशी एकेक आकडा ताडून पाहिला. बाकीचं पुन्हा वाचलं नाही. बटण दाबलं. जोनालिनच्या फोनचं नेट मंद होतं. पडद्यावरचं गोल चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं. दोघंही त्याच्याकडे बघत होते. मग ते थांबलं आणि पत्र गेलं.